झोपलेल्या फोनला वेळेवर कोण उठवणार?

महालची_सून · रात्री ९:१२

माझ्या सासूबाईंना थायरॉइडची गोळी पहाटे उपाशीपोटी घ्यावी लागते आणि गोळीनंतर निदान अर्धा तास चहा घेता येत नाही. नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या घरात सहाच्या ठोक्याला चहाचे आधण चढते, त्यामुळे गोळी साडेपाचला पोटात गेली तरच पुढचे सगळे जमते. मला अँड्रॉइडचे थोडेफार प्रोग्रामिंग येते, म्हणून मी त्यांच्यासाठी एक लहानसे ॲप लिहिले. ते दोन कामे करते. एक म्हणजे ५:३० ला आठवण देते, आणि दुसरे म्हणजे त्यांनी ‘घेतली’ हे बटण दाबले की ती नोंद पुण्यात असलेल्या माझ्या दिरांच्या फोनवर पाठवते.

आठवण वेळेवर येत नाही अशी तक्रार झाल्यावर मी गजर प्रत्यक्षात किती वाजता झाला, हे ॲपमध्येच टिपून ठेवायला सुरुवात केली. गेल्या अकरा रात्रींपैकी चार रात्री फोन चार्जरला लावलेला होता आणि त्या चारही पहाटे गजर बरोबर ५:३० ला झाला. उरलेल्या सात रात्री फोन फ्रिजवर नुसता पडून होता. तेव्हा ५:४१, ५:५२, ६:१७ अशा वेळा आल्या, आणि एकदा तर सासूबाईंनी तिथी पाहायला फोन हातात घेतला त्याच क्षणी, म्हणजे ७:०४ ला, तो वाजला. “मला उठवायला ठेवलाय की मी त्याला उठवायचं?” असे त्यांनी विचारले, आणि माझ्याकडे उत्तर नव्हते.

मी अलार्म-मॅनेजर, म्हणजे ठरल्या वेळी ॲपला हाक मारणारी अँड्रॉइडची सोय, हिची सेट-रिपीटिंग ही रोज पुन्हा वाजणारी आज्ञा वापरली आहे आणि प्रकार आरटीसी-वेकअप, म्हणजे झोपलेल्या फोनलाही उठवणारा, दिलेला आहे. फोन झोपलेला असताना ॲपचे काम ठरल्या वेळी करून घेण्याचा खात्रीचा मार्ग कोणता, आणि माझी दोन्ही कामे त्याच मार्गाने करावीत का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

तर्री_जास्त · रात्री ९:२०

सासूबाईंचा प्रश्न तुमच्या प्रश्नापेक्षा नेमका आहे.

अर्धी_झोप · रात्री १०:०५

मी मिहानमधल्या एका कंपनीत हेच काम करतो, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

तुमच्या नोंदींतच निदान आहे. गजराचा प्रकार नुसता ‘आरटीसी’ असता, तर तो फोनला मुळी उठवतच नाही. फोन दुसऱ्या कशाने जागा झाला की मग वाजतो. मला आधी हीच शंका आली होती, पण तुम्ही ‘वेकअप’ दिलेले आहे आणि चार्जरवरच्या रात्री वेळ अचूक आहे. याचा अर्थ गुन्हेगार ‘डोझ’ आहे. २०१५ मध्ये अँड्रॉइड ६ बरोबर डोझ आले. फोन चार्जरला नाही, हलत नाही आणि पडदा बराच वेळ बंद आहे, अशा तिन्ही गोष्टी जुळल्या की फोन गाढ झोपेत जातो. मग ॲपना नेटवर्क मिळत नाही, त्यांचे वेक-लॉक (प्रोसेसरला जागे ठेवण्याची विनंती) मानले जात नाहीत आणि साधे गजर पुढे ढकलले जातात. अधूनमधून थोडा वेळ एक खिडकी उघडते आणि साचलेली कामे तेवढ्यात उरकली जातात. रात्र जसजशी सरते तसतसे या खिडक्यांमधले अंतर वाढत जाते. तुमचे ५:५२ आणि ६:१७ हे अशा खिडक्यांचे असावेत, तर ७:०४ ला फोन उचलल्यामुळे झोपच मोडली. फोन चार्जरवर असताना डोझ लागतच नाही, म्हणून ते चार दिवस चोख गेले.

शिवाय सेट-रिपीटिंग हे नाव आता फसवे आहे. २०१३ च्या अँड्रॉइड ४.४ पासून पुनरावृत्तीचे सगळे गजर ‘अंदाजे’ धरले जातात. असे का केले, तेही समजून घेण्यासारखे आहे. दूधवाला, पेपरवाला आणि कचऱ्याची गाडी यांनी पहाटे वीस-वीस मिनिटांच्या अंतराने बेल वाजवली तर घरातल्या माणसाची झोप होत नाही. तिघे एकदमच आले तर एकदाच उठावे लागते. फोनमध्ये पंधरा-वीस ॲप आपापल्या सोयीने प्रोसेसरला उठवत राहिली, तर बॅटरी सकाळपर्यंत टिकायची नाही.

अचूक वेळेसाठी दोन मार्ग आहेत. पहिला सेट-एक्झॅक्ट-अँड-अलाऊ-व्हाइल-आयडल, जो डोझमध्येही चालतो. मात्र एका ॲपला नऊ मिनिटांतून एकापेक्षा जास्त वेळा तो मिळत नाही. दुसरा सेट-अलार्म-क्लॉक. यात ॲप प्रणालीला सांगते की हा माणसासाठीचा गजर आहे, आणि मग वेळ व्हायच्या थोडे आधी प्रणाली स्वतःच डोझमधून बाहेर येते. वर घड्याळाचे चिन्ह दिसते आणि पुढचा गजर किती वाजताचा आहे हे वापरणाऱ्याला कळते. तुमच्यासाठी दुसरा मार्ग योग्य. दोन्ही एकदाच वाजणारे आहेत, तेव्हा गजर वाजला की उद्याचा लावण्याचे काम तुमच्या ॲपलाच करावे लागेल.

तर्री_जास्त · रात्री १०:११

‘सेट-एक्झॅक्ट-अँड-अलाऊ-व्हाइल-आयडल’ हे नाव वाचून होईपर्यंत माझाच फोन झोपला.

सदर_बाजार · रात्री १०:३०

एवढे सगळे करण्याचे कारण मला समजत नाही. सेटिंगमध्ये जाऊन त्या ॲपचे बॅटरी ऑप्टिमायझेशन बंद करावे आणि मोकळे व्हावे. मी माझ्या फोनवर सगळ्या ॲपचे बंद करून ठेवले आहे आणि मला कधीही अडचण आलेली नाही.

अर्धी_झोप · रात्री १०:४४

सदर_बाजार, हा सल्ला इतक्या ठिकाणी दिला जातो की तो खरा वाटू लागला आहे. ती सूट मिळाल्यावर ॲपला डोझमध्ये नेटवर्क वापरता येते आणि वेक-लॉक धरता येतो, परंतु त्याचे साधे गजर तेव्हाही अडूनच राहतात. म्हणजे सासूबाईंची गोळी त्या सुटीनंतरही उशिराच होणार. आपल्याला अडचण आली नाही याचे कारण वेगळेही असू शकते. आपला फोन रात्री कुठे असतो?

सदर_बाजार · रात्री १०:४६

उशाशी. चार्जिंगला.

तर्री_जास्त · रात्री १०:४७

न्यायालय उठले.

रात्रपाळी · रात्री ११:३८

मी रुग्णालयात परिचारिका आहे आणि औषधांच्या वेळा सांभाळण्यातच माझी निम्मी नोकरी जाते, म्हणून वेगळ्या बाजूने विचारते. फोनमध्ये मुळात जे घड्याळाचे ॲप असते त्यात ५:३० चा गजर लावून त्याला ‘थायरॉइड’ असे नाव दिले, तर काम भागत नाही का? आमच्या वॉर्डातून घरी जाणाऱ्या वयस्क रुग्णांच्या नातेवाइकांना मी हेच सांगते, आणि तो गजर झाला नाही अशी तक्रार घेऊन अजून कोणी परत आलेले नाही.

आणखी एक गोष्ट. आठवण वेळेवर येणे आणि ती ऐकू येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मे महिन्यात आमच्या घरात कूलर रात्रभर इतका घरघरतो की संदेशाचा टिंग असा आवाज शेजारच्या उशीलाही ऐकू जात नाही.

महालची_सून · रात्री ११:५५

रात्रपाळी, तुमचे म्हणणे रास्त आहे आणि मी आधी तेच केले होते. घड्याळ वेळेवर वाजायचे, सासूबाई ते बंद करायच्या, आणि गोळी घेतली की नुसतेच बंद केले हे दुपारपर्यंत कोणालाच आठवत नसे. दोन दिवस गोळी दोनदा घेतली गेली. नोंद ठेवण्यासाठीच ॲपचा खटाटोप केला. कूलरचा मुद्दा मात्र माझ्या ध्यानातच आला नव्हता. आमचाही कूलर त्यांच्याच खोलीत आहे.

अर्धी_झोप · सकाळी ८:१५

कूलरवर उपाय आहे. सूचनेचा आवाज आणि गजराचा आवाज यांच्या पातळ्या अँड्रॉइडमध्ये वेगळ्या असतात. ध्वनीचा वापर ‘अलार्म’ असा जाहीर केला तर रिंगचा आवाज कमी केलेला असतानाही गजर स्वतःच्या पातळीवर वाजतो, आणि ‘डू नॉट डिस्टर्ब’ चालू असतानाही बहुतेक वेळा त्याला वाट मिळते. अँड्रॉइड १३ पासून सूचना दाखवायचीही वेगळी परवानगी लागते. ती दिली आहे ना, हे एकदा पाहून घ्या. नाहीतर गजर वेळेवर होईल, पण कोणाला दिसणारही नाही आणि ऐकूही येणार नाही.

आता दुसऱ्या कामाविषयी. ‘घेतली’ ही नोंद पुण्याला पोहोचायला दहा मिनिटे उशीर झाला तर बिघडते का? बिघडत नसेल, तर त्यासाठी अचूक गजर मागूच नका. ते काम वर्क-मॅनेजरकडे, म्हणजे सवडीने करायची कामे सांभाळणाऱ्या अँड्रॉइडच्या सोयीकडे, सोपवा आणि ‘नेटवर्क असेल तेव्हा’ एवढी अट घाला. घरचे वायफाय गेलेले असले तरी ते काम थांबून राहते, अपयश आले तर थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करते आणि फोन बंद होऊन चालू झाला तरी विसरत नाही. ठरावीक काळाने पुन्हा पुन्हा करायचे काम असेल, तर तिथे किमान अंतर पंधरा मिनिटांचे आहे; त्याहून कमी मागितले तरी पंधराच मिळते.

आमच्याकडे हा धडा महागात शिकलो. सर्वेक्षणाच्या ॲपमधले फोटो सर्व्हरवर चढवायचे काम आम्ही सगळ्या फोनवर रात्री बरोबर २:०० ला लावले होते. डोझमुळे निम्मे फोन उशिरा आले ही तक्रार राहिलीच. उरलेले निम्मे एकाच सेकंदाला आले आणि सर्व्हर आडवा झाला. आता ‘वायफाय आणि चार्जर दोन्ही असतील तेव्हा’ एवढेच सांगतो आणि वेळ प्रणालीवर सोडतो. सकाळपर्यंत सगळे फोटो आलेले असतात.

संत्रा_बागायतदार · सकाळी ९:०२

माझी बाग काटोलकडे आहे आणि माझा अनुभव थोडा कडू आहे. आमच्या फिडरवर शेतीची थ्री-फेज वीज काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री येते. पंपावर मोबाइल स्टार्टर बसवला आहे, म्हणजे त्यातल्या सिमवर संदेश पाठवला की मोटर चालू होते. एका ॲपने सोय दिली होती की रात्रीच्या वेळा आधीच भरून ठेवा, ॲप त्या त्या वेळी तुमच्या फोनवरून संदेश पाठवेल. मी आनंदाने वेळा भरल्या, फोन खाटेखाली ठेवला आणि झोपलो.

सकाळी उठून पाहतो तर रात्रीचे तीन संदेश पहाटे मी फोन उचलल्याबरोबर एकापाठोपाठ गेलेले होते आणि तोवर आमच्या फिडरची वीज गेलेली होती. मे महिन्याच्या उन्हात त्या ओळीतल्या झाडांना दोन दिवस पाणी मिळाले नाही. पाने दुपारी वळायला लागली की बागायतदाराच्या पोटात काय होते ते फोन लिहिणाऱ्यांना कळायचे नाही.

मी आता पेटीतच ‘ऑटो’ आणि टायमर बसवला आहे. वीज आली की मोटर चालू, ठरलेला वेळ झाला की बंद. फोनवर फक्त निरोप येतो. माझे स्पष्ट मत असे, की ज्या कामाचा घात फोनच्या झोपेने होतो ते काम फोनवर ठेवूच नये.

अर्धी_झोप · सकाळी ९:३०

पंपाच्या बाबतीत मी आपल्याशी पूर्ण सहमत आहे. जे यंत्र विजेपाशी बसलेले आहे त्यालाच घड्याळ द्यावे. पण गोळीच्या बाबतीत उठवायचे माणसाला आहे आणि माणसाजवळ फोनच असतो, त्यामुळे तिथे हा नियम जसाच्या तसा लावता येणार नाही.

खामला_चौक · सकाळी १०:१०

मग सर्व्हरवरून संदेश पाठवून फोनला उठवले तर? फायरबेस या गूगलच्या सेवेचे तातडीचे संदेश डोझमध्येही पोहोचतात असे वाचले आहे.

अर्धी_झोप · सकाळी १०:२५

पोहोचतात, आणि गप्पांची ॲप त्याच बळावर चालतात. मात्र त्यासाठी पहाटे साडेपाचला इंटरनेट हवे आणि सर्व्हरही जागा हवा. वेळ आधीच माहीत असताना ती फोनला रात्रीच सांगून ठेवता येते; त्यासाठी दुसऱ्या गावाहून निरोप पाठवण्याचे कारण नाही.

जुनं_घड्याळ · दुपारी १२:४०

निवृत्त माणसाला बोलू द्यावे. माझ्याजवळ वीस वर्षांपूर्वी बटणांचा एक नोकिया होता. तो पूर्ण बंद करून ठेवला तरी सकाळी गजराला आपला आपण जागा व्हायचा, वाजायचा आणि मग ‘फोन चालू करू का?’ असे विचारायचा. आज त्याच्या कित्येक पट किमतीचा फोन चालू असूनही वाजत नाही, ही प्रगती मला समजावून सांगा.

अर्धी_झोप · दुपारी १:१५

काका, ज्या चिमुकल्या भागाच्या जोरावर आपला नोकिया उठायचा तसा भाग आजही प्रत्येक फोनमध्ये आहे. सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावणारा एक स्फटिक असतो. हा आकडा म्हणजे दोनचा पंधरावा घात. तो पंधरा वेळा निम्मा केला की सेकंदाला बरोबर एक ठोका हाती येतो, आणि हे मोजायला अगदी नगण्य वीज लागते. मुख्य प्रोसेसर झोपलेला असताना हेच घड्याळ जागे असते आणि ठरल्या वेळी प्रोसेसरला हाक मारते. फरक इतकाच, की आपल्या नोकियात त्या घड्याळाला हाक मारायला सांगणारा एकच गजर होता. आज शंभर ॲपना ती सोय हवी आहे, म्हणून दाराशी एक व्यवस्थापक बसवावा लागला.

जुनं_घड्याळ · दुपारी १:२२

व्यवस्थापक आला की साहेबाची भेट उशिराच होते, हा माझ्या नोकरीतला अनुभव आहे.

फुटाळा_काठ · सायंकाळी ६:५०

आयफोनवाल्यांची बाजूही मांडतो. तिथे पार्श्वभूमीत काम करण्यासाठी २०१९ च्या आयओएस १३ पासून बीजीटास्क-शेड्युलर आहे, पण त्यात आपण ‘याच्या आधी नको’ एवढेच सांगू शकतो, ‘याच वेळी हवे’ असे नाही. रिफ्रेशचे काम मिळाले तरी साधारण तीस सेकंदांत आवरावे लागते, आणि वापरणाऱ्याने ॲप वर सरकवून बंद केले असेल तर ते पुन्हा उघडेपर्यंत तेही मिळत नाही. आठवणीसाठी मात्र वेगळी वाट आहे. स्थानिक सूचना आधीच प्रणालीच्या हवाली करायची. ती दाखवण्यासाठी ॲपला उठावेच लागत नाही. एका ॲपच्या अशा ६४ सूचना रांगेत राहू शकतात, त्यामुळे दिवसाला चार औषधे असतील आणि प्रत्येक दिवसाची सूचना वेगळी लावली असेल तर सोळा दिवसांनी रांग संपते. माझ्या वडिलांच्या बाबतीत सतराव्या दिवशी हे कळले. २०२५ च्या आयओएस २६ मध्ये अलार्मकिट आल्यापासून बाहेरच्या ॲपलाही मूक अवस्था भेदून खराखुरा गजर करता येतो.

महालची_सून · बारा दिवसांनंतर, सकाळी ७:४०

सर्वांचे आभार, आणि प्रगती कळवते. सेट-अलार्म-क्लॉक लावले, आवाज गजराच्या पातळीवर नेला आणि नोंद पाठवण्याचे काम वर्क-मॅनेजरकडे दिले. पहिल्याच दिवशी ॲप कोसळले, कारण सासूबाईंच्या फोनवर अँड्रॉइड १४ आहे आणि ‘अलार्म व रिमाइंडर’ ही परवानगी नव्याने टाकलेल्या ॲपला आपोआप मिळत नाही. ती सेटिंगमध्ये जाऊन दिली. त्यानंतर नऊ पहाटे फोन फ्रिजवर, चार्जरविना, आणि गजर ५:३० ला. मधल्या एका रात्री मुद्दाम केबल जोडून डंपसिस या चाचणीच्या आज्ञेने फोनला जबरदस्तीने डोझमध्ये ढकलून पाहिले, तरीही वाजला.

काल मात्र वाजलाच नाही. फोनने रात्री स्वतःला अद्ययावत केले आणि तो पुन्हा सुरू झाला होता. सासूबाईंनी उठून पॅटर्न काढला, तोवर कुकरची शिट्टी झाली होती.

अर्धी_झोप · सकाळी ८:०५

फोन पुन्हा सुरू झाला की लावलेले सगळे गजर पुसले जातात. बूट-कम्प्लिटेड हा संकेत ऐकून ते नव्याने लावावे लागतात. पण तुमच्या बाबतीत तेवढ्याने भागणार नाही, कारण तो संकेत फोन एकदा उघडल्यानंतरच येतो आणि रात्री तो उघडणार कोण? अँड्रॉइड ७ पासून ‘डायरेक्ट बूट’ आहे, म्हणजे फोन उघडण्याआधीही ॲपचा काही भाग चालू शकतो. गजर लावणारा भाग त्यासाठी सक्षम आहे असे जाहीर करा, लॉक्ड-बूट-कम्प्लिटेड ऐका आणि गोळीची वेळ डिव्हाइस-प्रोटेक्टेड साठवणुकीत ठेवा, म्हणजे पॅटर्न काढण्याआधीही ती वाचता येईल. कोणी घड्याळाची वेळ बदलली तर त्याचाही संकेत ऐकून गजर नव्याने लावावा.

आणि सासूबाईंना अलीकडची ॲप सरकवून साफ करण्याची सवय आहे का? काही फोनवर त्याचा परिणाम ‘फोर्स स्टॉप’सारखा होतो आणि मग ॲप हाताने उघडेपर्यंत त्याचे गजर मेलेलेच राहतात. फोनमध्ये ‘ऑटोस्टार्ट’ नावाची सोय असेल तर ती चालू करून ठेवा.

सदर_बाजार · सकाळी ८:२०

मी काल रात्री फोन चार्जरला न लावता झोपलो. माझे एक आठवण देणारे ॲप पहाटे चाळीस मिनिटे उशिरा बोलले. अर्धी_झोप यांना हे कळवणे कर्तव्य वाटले.

रात्रपाळी · सकाळी ८:२६

मी तरी गजराचे मूळ घड्याळही ५:३५ ला लावून ठेवीनच. वॉर्डात आम्ही एकाच नोंदीवर कधी विसंबत नाही.

महालची_सून · चार दिवसांनंतर, रात्री ९:५०

डायरेक्ट बूट जमले. फोन बंद करून चालू केला, पॅटर्न काढला नाही, तसाच फ्रिजवर ठेवला आणि पहाटे ५:३० ला वाजला. रात्रपाळींच्या सल्ल्याने ५:३५ चे घड्याळही आहे. आता सासूबाई त्याच्या आत बटण दाबायची शर्यत लावतात.

एक नवे काम मात्र निघाले आहे. वरच्या पट्टीत उद्याच्या गजराची वेळ दिसू लागल्यापासून त्या ती झोपण्यापूर्वी वाचतात. आज म्हणाल्या, “उद्या रक्त द्यायचंय ना मला, डॉक्टरांनी गोळी नंतर घ्यायला सांगितलीय, मग हा साडेपाच कशाला दाखवतोय?” तेव्हा एका दिवसापुरता गजर गाळून थेट परवाचा लावण्याचे बटण मी आत्ता बसून लिहीत आहे.

तर्री_जास्त · रात्री ९:५८

परीक्षक घरातच असल्यावर कंपनीला काय लागते!